अख्खा गर

सोळा वर्षं काजू फोडते मी, वेंगुर्ल्यात.
डाव्या हातात बी, उजव्यात दांडा,
पायाखाली पट्टी.
दाबलं की उघडते. कट्.
एवढाच आवाज हवा.
याहून मोठा आला तर समजावं गर गेला,
पाकळी झाली, संध्याकाळी काट्यावर पैसे तुटले.
अख्खा गर काढणारा हात
बीच्या पोटातलं आधी ऐकतो.

गेल्या शिमग्यानंतर मान अडकली.
कोणी हाक मारली तर
होडी वळवावी तसं अख्खं अंग वळवून
ओ द्यायची.
शेजारची गजरा म्हणाली, उसण असतली,
बाबल्याकडे जा.

उभादांड्याचा बाबलो पायाळू.
जन्माला येताना पाय आधी आले,
तेव्हापासून गावाच्या पाठी त्या पायांच्या वाट्याला.
अंगणात पालथी झोपवलं,
डाव्या टाचेने तीनदा हलकं मारलं,
मग थांबला. बोटांनी चाचपून म्हणाला,
"ही माझी नव्हे गो बाय. तू डॉक्टराक दाखय."
पैसे घेतले नाहीत. नारळ ठेवून घेतला.

कुडाळला, फ्रिज दुरुस्तीच्या दुकानावर, दुसरा मजला:
डॉक्टर नीरजा पडते, कायरोप्रॅक्टर.
तो शब्द मी जिन्यात तीनदा वाचला,
कार्डावर माझं मोचेमाडकर मावेना,
म्हटलं, चला, दोघींची नावं सारखीच अवघड.

तिने आधी मानेला हातच लावला नाही.
विचारत राहिली.
बोटांना मुंग्या येतात? हातातून बी निसटते?
कधी पडलीस? रात्री दुखण्याने जाग येते?
माझी बोटं दाबून बघितली, एकेक,
कोपरावर छोटी हातोडी मारली.
फोटो काढून आण म्हणाली, मग बघू.
मला राग आला. पन्नास रुपये एसटीचे,
आणि हाडं मोडायला आलेली मी
नुसतं बोलून परत.

दुसऱ्या खेपेला पालथी झोपले.
तिचे हात लहान, माझ्या लेकीएवढे.
दोन फऱ्यांच्या मधे तळवा टेकवून
म्हणाली, श्वास सोड.
आणि

कट्.

मी डोळे मिटले. हा आवाज मला ठाऊक.
विचारलं, काय तुटलं?
हसली. म्हणाली, काही नाही.
सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा.
हाड जागचं हललंच नव्हतं तर बसवू काय?
सांधा हलायचं विसरला होता.
मी म्हटलं, बरा होईल ना? लिहून देता?
"लिहून नाही देत. सहा वेळा ये.
फरक पडला नाही तर मीच दुसरीकडे पाठवीन."

बाबल्याची आठवण झाली.
'ही माझी नव्हे' म्हणता येणं,
हा पण हाताचाच गुण असावा.

मग म्हणाली, बसतेस कशी ते दाखव.
दवाखान्याच्या गुळगुळीत लादीवर
मी स्टुलाशिवाय बसले,
हवेतली बी हवेत धरली,
हवेतला दांडा ओढला.
ती बघत राहिली. खूप वेळ.
माझं काम असं कोणी बघितलं नव्हतं,
मुकादम बघतो तो वजन बघतो.
"दिवसाला किती वेळा?"
मोजलं नव्हतं कधी. तिथेच तोंडी हिशोब केला
आणि आकडा सांगायची लाज वाटली.

शेठ म्हणाला, मशीन उंच करायला खर्च येतो.
मी आणि गजराने मागच्या कुंपणातले
दोन चिरे उपटून आणले, पायांखाली सरकवले.
तांबडी माती पडली लादीवर, तो ओरडला,
झाडून टाकली.

चार खेपा झाल्या. दुखणं संपलं नाही.
सकाळी असतं, दुपारी विसरतं, पावसाळी हवेत
पुन्हा येऊन उंबऱ्यात बसतं.
पण हाक आली की आता
नुसती मान वळते.

कुंपणाला मोठं भगदाड पडलंय.
काल शेठने चिरे मोजले: बावीस कमी.
कोणी नेले, विचारत फिरला.
आम्ही सगळ्या त्याच्याकडे
मान वळवून बघत होतो.